एक छाती, तीन खिडक्या: दक्षिण वेल्सचा धुळीने दमलेला खाणकामगार आणि जेम्स ग्रिफिथ्स यांचा कायदा

हे प्रकरण १९३०च्या दशकातल्या वेल्समधल्या एका कामगाराचे आहे, पण तो कोणी एक माणूस नाही. अमनफर्डच्या परिसरातल्या अँथ्रासाइटच्या, म्हणजे कठीण दगडी कोळशाच्या, पट्ट्यात त्याच्यासारखे हजारो होते. वय पन्नाशीच्या आसपास, खाणीत पस्तीस-चाळीस वर्षे गेलेली, आणि चढ चढताना दर वीस पावलांवर भिंतीला हात टेकवून थांबायची पाळी आलेली. अशा माणसापुढे पैशाच्या तीन खिडक्या होत्या: मालकाकडून मिळणारी भरपाई, सरकारचा बेकारभत्ता आणि म्हातारपणीचे पेन्शन. तिन्ही खिडक्यांवरचे नियम वेगळे होते आणि प्रत्येक खिडकीवरचा बाबू पुढच्या खिडकीकडे बोट दाखवायचा.

जेम्स ग्रिफिथ्स याच पट्ट्यातले. अमनफर्डजवळच्या बेटुस गावी १८९० मध्ये जन्म, वडील लोहार, मातृभाषा वेल्श. लहान वयातच ते खाणीत उतरले. १९०८ च्या स्फोटात त्यांचा एक भाऊ गेला. १९२५ पासून ते अँथ्रासाइट जिल्ह्यातल्या कामगार संघटनेचे प्रतिनिधी होते. १९३४ ते १९३६ दक्षिण वेल्स खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष, मार्च १९३६ पासून लानेलीचे मजूर पक्षाचे खासदार आणि १९४५ पासून राष्ट्रीय विमा मंत्री अशी पुढची वाटचाल. संघटनेचा प्रतिनिधी म्हणजे कामगारांचे दावे अंगावर घेऊन कोळसा कंपनीच्या वकिलासमोर बसणारा माणूस. त्यामुळे मंत्री झाल्यावर कायदा नेमका कुठे अडतो हे त्यांना फायलीतून शिकावे लागले नाही.

पहिली खिडकी: आजार कुठल्या दगडातून आला?

ब्रिटनमध्ये कामगार भरपाईचा कायदा १८९७ मध्ये आला. १९०६ मध्ये त्याची व्याप्ती वाढली आणि धंद्यातून होणारे काही आजारही त्यात आले. पैसे मालकाने द्यायचे, वाद झाला तर कोर्टात जायचे, अशी ही रचना. पाय तुटला तर निदान तुटलेला पाय दाखवता यायचा. छातीतली धूळ दाखवायची कशी?

१९२८ मध्ये सिलिकोसिससाठी, म्हणजे दगडातल्या सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारासाठी, वेगळी योजना झाली, आणि ती आजाराऐवजी दगडावर बेतली होती. ज्या खडकात मुक्त सिलिकाचे प्रमाण निदान ५० टक्के आहे, अशा खडकात छिद्रे पाडण्याचे किंवा सुरुंग लावण्याचे काम केल्याचे सिद्ध झाले तरच दावा उभा राहायचा. आता व्यवहारात काय व्हायचे ते पाहा. माणसाने वीस वर्षांत सहा खाणींत काम केलेले. त्यांतल्या दोन बंद पडून पाण्याने भरलेल्या. तिथल्या छताच्या दगडाचा नमुना आणायचा कुठून? नमुना मिळाला आणि पृथक्करणात सिलिका ४६ टक्के निघाली, तर दावा तिथेच संपला, फुफ्फुस कितीही खराब असले तरी. आणि जो फक्त कोळसा तोडायचा, दगडाला हातही लावायचा नाही, तो तर योजनेत बसतच नव्हता.

१९३४ मध्ये ही अट सैल झाली आणि कोळसा खाणीत जमिनीखाली कुठलेही काम करणारा दावा करू शकू लागला. तरी वैद्यकीय मंडळ क्ष-किरणाच्या चित्रात नेहमीचा सिलिकोसिसच शोधायचे. कोळशाची धूळ निरुपद्रवी आहे, असे जे. एस. हाल्डेन यांच्यासारखे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ सांगत होते. मग अँथ्रासाइटच्या पट्ट्यातली चित्रे ठरलेल्या साच्यात बसली नाहीत की प्रमाणपत्र नाकारले जायचे.

कोंडी फुटली ती अनपेक्षित जागी, गोदीत. जहाजाच्या पोटात उतरून कोळसा फावड्याने सारखा पसरवणारे कामगार खाणीत कधी गेलेच नव्हते, दगडाशी त्यांचा संबंध नव्हता. कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांनी १९४० मध्ये दाखवले की या माणसांच्या फुफ्फुसांतही तोच आजार आहे. म्हणजे नुसती कोळशाची धूळ पुरते. तिकडे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने फिलिप डार्सी हार्ट आणि एडवर्ड अ‍ॅस्लेट १९३७ पासून वेल्सच्या खाणींत माणसे तपासत होते, अमनफर्डच्या एका खाणीत तर विशेष बारकाईने. १९४२ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि ‘कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस’ (धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) हे नाव रूढ झाले. १९४३ च्या योजनेत खाणीच्या वर-खाली काम करणारे सगळे आणि गोदीतले कामगारही आले.

आणि लगेच दुसरा पेच पडला. प्रमाणपत्र मिळालेल्या माणसाला खाणीतून सक्तीने बाहेर काढायचे, असा या योजनेचा नियम होता. १९४५ या एका वर्षात दक्षिण वेल्समध्ये ५,००० हून अधिक माणसांना असे प्रमाणपत्र मिळाले. ज्या दरीत खाणीशिवाय दुसरा धंदा नाही, तिथे आजाराचा कागद म्हणजे बेकारीचा कागद झाला. अर्धवट आजारी माणूस तपासणीला जायला घाबरू लागला, आणि उशिरा जाण्याची किंमत फुफ्फुसाने मोजली.

भरपाईचा हिशेब

जुन्या ब्रिटिश नाण्यांत १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे आहे.

जुन्या कायद्यात मोजमाप शरीराचे नव्हते, पगाराचे होते. पूर्ण निकामी झालेल्याला साधारण निम्मा पगार मिळायचा, पण १९२३ च्या कायद्याने त्याला आठवड्याला ३० शिलिंगांची मर्यादा होती. अर्धवट निकामी झालेल्याला आधीचा पगार आणि आता मिळू शकणारा पगार यांतल्या फरकाचा भाग मिळायचा. समजा आधी ६० शिलिंग मिळत होते. कंपनीचा डॉक्टर म्हणाला की हा हलके काम करू शकतो आणि त्याचे ४० शिलिंग मिळतील. फरक २०, त्याचा निम्मा १०. आता हे हलके काम गावात आहे कुठे? बहुतेकदा नसायचेच. १० शिलिंगांचा आकडा मात्र कागदावर पक्का.

त्यावरचा उपाय म्हणून एकरकमी तडजोड चालायची. दर आठवड्याचे देणे कायमचे मिटवायला कंपनी एक रक्कम पुढे करायची. भाडे थकलेले, दुकानदाराची उधारी वाढलेली, समोर शंभर-दीडशे पौंड. माणूस सही करायचा. दोन-तीन वर्षांनी श्वास आणखी बिघडला तरी दावा संपलेला असायचा. धुळीचा आजार काम सोडल्यावरही वाढत जातो, आणि आकडेमोड करणाऱ्याला ते ठाऊक असायचे. शिवाय कंपनीच बुडाली तर? कोळसा खाणींना या देण्याचा विमा सक्तीचा झाला तो थेट १९३४ मध्ये.

दुसरी खिडकी: चुलीवरची चौकशी

भरपाई नाकारली किंवा अपुरी पडली की माणूस बेकारभत्त्याकडे वळायचा. विम्याचे हप्ते भरलेल्या कामगाराला काही आठवडे हक्काचा भत्ता होता. ते संपले की १९३१ नंतर ‘मीन्स टेस्ट’, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मिळकतीची चौकशी. मुलगा खाणीत लागला असेल, मुलगी दुकानात असेल, तर त्यांचा पगार बापाच्या भत्त्यातून वजा. याचा परिणाम सरळ होता: कमावती मुले दुसऱ्याच्या घरी भाड्याने राहायला गेली. कायद्याने वेगळी चूल मांडायला लावली, असेच म्हणायला हवे.

१९३४ च्या कायद्याने हे काम स्थानिक समित्यांकडून काढून केंद्रीय बेकारी साहाय्य मंडळाकडे दिले. या कायद्यात आपल्या प्रकरणाला लागू पडणारी एक बारीक तरतूद होती: कामगार भरपाईची साप्ताहिक रक्कम मोजताना तिचा निम्मा भाग सोडून द्यायचा. म्हणजे १० शिलिंग भरपाई असेल तर भत्त्यातून ५ वजा. शरीर मोडल्याबद्दल मिळालेल्या पैशातला अर्धा वाटा अशा रीतीने मालकाच्या खिशातून निघून सरकारच्या बचतीत जमा व्हायचा.

मंडळाचे नवे दर जानेवारी १९३५ मध्ये लागू झाले. नवरा-बायकोला २४ शिलिंग, मुलांचे वयानुसार वेगळे, भाड्याचे वेगळे गणित. वेल्समध्ये स्थानिक समित्या आतापर्यंत हात जरा सैल सोडून देत आल्या होत्या, त्यामुळे नव्या एकसारख्या दराने हजारो घरांचे पैसे कमी झाले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दऱ्यांमधून प्रचंड मोर्चे निघाले. चर्चची मंडळी, दुकानदार, खाणकामगार एका रांगेत आले, आणि मर्थर टिडफिल इथे बायकांनी मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड केली. ग्रिफिथ्स त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष होते. ५ फेब्रुवारीला सरकारने माघार घेतली: जुना आणि नवा यांतला जो दर जास्त असेल तो द्यायचा. हा ‘जैसे थे’ आदेश पुढे बराच काळ चालला. मीन्स टेस्ट मात्र जागेवरच राहिली.

तिसऱ्या खिडकीवर थांबण्यासारखे फार नाही. हप्ते भरलेल्याला ६५ व्या वर्षी आठवड्याला १० शिलिंग. बायको वयाने लहान असेल तर तिचे पेन्शन तिच्या वयावर, त्यामुळे कित्येक जोडपी वर्षानुवर्षे दहा शिलिंगांवर. १९४० मध्ये बायकांचे वय ६० वर आले आणि गरजूंना पुरवणी रक्कम सुरू झाली, पण ती पुन्हा चौकशी करूनच. छाती पन्नाशीत गेलेल्याला ६५ ची खिडकी म्हणजे दूरचा डोंगरच.

फेब्रुवारी १९४३

विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याचा अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये आला. फेब्रुवारी १९४३ मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, चर्चा झाली तेव्हा युद्धकाळातल्या संयुक्त सरकारने तोंडभर स्वागत केले, बांधीलकी मात्र टाळली. सरकारवर नापसंती नोंदवणारी दुरुस्ती मांडली ग्रिफिथ्स यांनी. ती ३३५ विरुद्ध ११९ मतांनी पडली. मजूर पक्ष स्वतः सरकारात होता, तरी मंत्री नसलेल्या त्याच्या बहुतेक खासदारांनी आपल्याच नेत्यांविरुद्ध मत दिले. १९०८ चे पेन्शन आणि १९११ चा विमा आणणारे लॉईड जॉर्ज यांनीही दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. सभागृहातले ते त्यांचे शेवटचे मत. त्या दिवशी मतमोजणीत हार झाली, पण अडीच वर्षांनी विमा खाते ग्रिफिथ्स यांच्याच हाती आले.

१९४६: गाठ कशी सोडवली

१९४६ च्या दोन कायद्यांपैकी राष्ट्रीय विमा कायदा जास्त गाजला, पण आपल्या कामगाराच्या दृष्टीने औद्योगिक इजा कायदा मोठा. तो सगळा ग्रिफिथ्स यांच्या डोक्यातून निघाला, असे लिहिणारे चुकतात. आराखडा १९४४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत होता, आणि बेव्हरिज यांची शिफारस तर वेगळीच, पगाराशी जोडलेल्या भरपाईची होती. ग्रिफिथ्स यांनी दर वाढवले, तरतुदी रुंद केल्या आणि कायदा पार नेला. दोन्ही कायदे ५ जुलै १९४८ रोजी अमलात आले.

पहिला बदल: पैसे कोण देणार. मालक बाजूला झाला. मालक, कामगार आणि सरकार यांच्या वर्गणीचा एक स्वतंत्र निधी झाला. कंपनी बुडाली काय आणि खाण बंद पडली काय, दाव्याला फरक पडेना. एकरकमी तडजोडीचा बाजार आपोआप उठला, कारण सौदा करायला समोर कोणी उरलेच नाही.

दुसरा बदल: ठरवणार कोण. कोर्टाऐवजी विमा अधिकारी, त्यावर तिघांचे स्थानिक अपील न्यायाधिकरण, त्यावर आयुक्त. इजा किती, हा वेगळा प्रश्न डॉक्टरांच्या मंडळाकडे, आणि न्यूमोकोनिओसिससाठी खास तज्ज्ञ मंडळाकडे. कोर्टाचा खर्च नाही, कंपनीच्या वकिलाची उलटतपासणी नाही.

तिसरा बदल सगळ्यांत खोल: मोजायचे काय. पगाराऐवजी शरीर. निरोगी माणसाच्या तुलनेत शक्ती किती गेली याची टक्केवारी, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी वापरतात त्या धर्तीवर. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, अंगठा ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दुसरा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. शंभर टक्क्यांना आठवड्याला ४५ शिलिंग. म्हणजे फुफ्फुसाची हानी ३० टक्के ठरली तर १३ शिलिंग ६ पेन्स, ५० टक्के ठरली तर २२ शिलिंग ६ पेन्स. आधी किती कमवत होता, आता हलके काम करू शकेल का, हे प्रश्नच विचारायचे नाहीत. त्याने उद्या कारखान्यात नोकरी धरली तरी ही रक्कम कापायची नाही. वर गरजेप्रमाणे जोड होती: कायमचा कामाला निरुपयोगी झालेल्याला, सतत कोणी सोबत लागणाऱ्याला, बायकोसाठी, मुलांसाठी.

सक्तीने खाणीबाहेर काढण्याचा नियमही नव्या रुग्णांपुरता गेला. धूळ मान्य मर्यादेत असलेल्या जागी आजारी माणूस काम चालू ठेवू शकला. १९४८ च्याच दुसऱ्या एका कायद्याने मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दावा लावायची वाटही मोकळी झाली: सहकाऱ्याच्या चुकीने झालेल्या इजेला मालक जबाबदार नाही, हा जुना बचाव रद्द झाला.

बेकारी आणि म्हातारपण यांसाठी राष्ट्रीय विमा कायद्यात एकच दर होता: एकट्याला २६ शिलिंग, जोडप्याला ४२. पूर्ण पेन्शन टप्प्याटप्प्याने वीस वर्षांत वाढवत न्यावे, असे बेव्हरिज म्हणत होते. ग्रिफिथ्स यांनी ते नाकारून आधीपासून पेन्शन घेणाऱ्यांना ऑक्टोबर १९४६ पासूनच नवा दर दिला. खजिन्यावर भार पडला, पण सत्तरीच्या माणसाला वीस वर्षे थांब असे सांगण्याची पाळी आली नाही. त्यांनी आणखी एका गोष्टीचा आग्रह धरला: गावोगावी, जवळपास हजार ठिकाणी, विम्याची कार्यालये हवीत आणि तिथे माणसाशी माणसासारखे बोलले जावे. ज्यांनी मीन्स टेस्टची बाके पाहिली होती, त्यांना या आग्रहाचे वजन कळले.

काय बिघडले

सगळ्यांत आधी दराचे गणित. २६ शिलिंगांत घरभाडे धरलेले होते. त्याच ५ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय साहाय्य मंडळाचा दर एकट्याला २४ शिलिंग आणि भाडे वेगळे. भाडे दोन शिलिंगांपेक्षा जास्त असले की, आणि ते असायचेच, हप्ते भरून मिळवलेले पेन्शन चौकशी करून मिळणाऱ्या साहाय्यापेक्षा कमी पडायचे. परिणामी पेन्शनर पुरवणीसाठी पुन्हा चौकशीच्याच दारात. आता मुलांची मिळकत मोजत नव्हते एवढा दिलासा. दर महागाईला बांधलेले नव्हते, आढावा पाच वर्षांनी, आणि युद्धानंतरच्या वर्षांत किमती थांबायला तयार नव्हत्या.

बेकारभत्त्याला साधारण ३० आठवड्यांची मर्यादा राहिली, चांगली नोंद असलेल्याला थोडी अधिक. बेव्हरिज यांना मर्यादा नको होती, आणि ग्रिफिथ्स यांच्या पक्षातल्या डाव्या खासदारांनी यावरून त्यांना सभागृहात घेरले. १९३५ चे मोर्चे पाहिलेल्या मंत्र्याने ही मर्यादा घालावी, हे आम्हाला त्यांच्या कामातले सगळ्यांत कच्चे पान वाटते. पूर्ण रोजगाराच्या काळात त्याची झळ बसली नाही, एवढेच.

शरीरच मोजायचे, पगार नाही, हे तत्त्वही पूर्ण टिकले नाही. कुशल कोळसा कामगाराची हानी २० टक्के ठरली तर ९ शिलिंग, पण त्याची नोकरी गेलेली, आणि फाटकावर बसण्याच्या कामात निम्मा पगार. म्हणून ‘विशेष अडचण भत्ता’ ठेवावा लागला, जास्तीत जास्त ११ शिलिंग ३ पेन्स. तो ठरवताना जुना पगार आणि नवा पगार यांचीच तुलना. दारातून काढलेला हिशेब खिडकीतून परत आला. शिवाय जुन्या पद्धतीत पूर्ण भार मालकाचा होता, आता कामगारही वर्गणी भरू लागला, ही संघटनांची कुरकुर होतीच.

भारताशी या प्रकरणाचा धागा थेट आहे. आपला १९२३ चा कामगार भरपाई कायदा, ज्याचे नाव पुढे कर्मचारी भरपाई कायदा झाले, जुन्या ब्रिटिश पद्धतीवर बेतलेला होता: मालक देणार. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे कामगारांच्या तोंडचा ईएसआय, आला आणि वर्गणीचा निधी इथेही झाला. त्या भारतीय कायद्यांची परिशिष्टे उघडली तर अंगठ्याला ३०, चार बोटांना ५०, तर्जनीला १४ हे आकडे जसेच्या तसे भेटतात. फरक मथळ्यात आहे. ब्रिटनमध्ये ते शरीराच्या शक्तीचे नुकसान मोजतात, आपल्याकडे कमाईच्या क्षमतेचे. इचलकरंजीतला माग कामगार असो की भिवंडीतला, तर्जनी गेली की आकडा १४ च, पण तो कशाचा आहे यावर वकील भांडू शकतात.

राहता राहिला आपला मूळचा माणूस, १९३० च्या दशकात दम लागलेला. नवा कायदा ५ जुलै १९४८ च्या आधीच्या दाव्यांना लागू नव्हता. त्याच्यासारखे जुन्या कायद्यातच अडकले, जुन्याच दराने. त्यातही ज्याचा आजार खाण सोडून पाच वर्षे उलटून गेल्यावर ओळखला गेला, तो जुन्या योजनेतही बसत नव्हता. आजार सावकाश वाढणारा, मुदत मात्र घड्याळावर. या लोकांसाठी १९५१ मध्ये न्यूमोकोनिओसिस आणि बिसिनोसिस (कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार) लाभ कायदा करावा लागला. तोवर विमा खाते ग्रिफिथ्स यांच्याकडे उरले नव्हते. या कायद्याने पूर्ण निकामी झालेल्यांना साप्ताहिक रक्कम सुरू झाली. ती अर्ज केल्यावर मिळायची, आणि तोवर पट्ट्यातले कित्येक अर्जदार उरले नव्हते.